कूस कोण बदलतो?

टीकाकाराने ग्रंथास कोणते प्रश्न विचारावेत, ह्याविषयी मराठीत पुष्कळ शाई खर्च झाली आहे. कला कलेसाठी की जीवनासाठी, हा फडके-खांडेकरांच्या काळचा वाद आम्ही स्वतः विद्यार्थी असताना पाठ केला, आणि पुढे तीस वर्षे वर्गात पढविला. परंतु घुग्घुस येथील आमच्या एका विद्यार्थ्याने ग्रंथास विचारलेला प्रश्न आम्हांस कोणत्याही साहित्यशास्त्रात आढळला नाही. विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग ह्यांच्यावरील एक लहानसे मराठी चरित्र आम्ही त्यास वाचावयास दिले होते. त्याने ते दोन दिवसांत संपविले, परत केले, आणि इतकेच विचारले, "सर, ह्या माणसाची रात्री कूस कोण बदलत होतं?"

आम्ही पुस्तक उलटसुलट चाळून पाहिले. कृष्णविवरे होती, विश्वाचा आरंभ होता, दुर्दम्य इच्छाशक्ती तर पानोपानी होती. कूस बदलणारा मनुष्य कोठेच नव्हता. त्यानंतर आम्ही जे जे ह्या विषयावरील वाचले ते ह्या एका प्रश्नाच्या कसोटीस लावून पाहिले. त्याचा जमाखर्च वाचकांपुढे मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रश्न विचारणाऱ्याची ओळख करून देणे अवश्य आहे; नाव मात्र आम्ही देत नाही. त्यास ड्यूशेन नावाची स्नायुक्षयाची व्याधि आहे. ड्यूशेन ह्या फ्रेंच वैद्याने १८६० नंतरच्या दशकात तिचे सविस्तर वर्णन केले म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. ती बहुधा मुलग्यांनाच होते, आणि अनेकदा तिचे बीज आईकडून येते. मग आप्तेष्ट त्या आईस काय काय ऐकवितात ते सांगण्याची गरज नाही. व्याधीचा आरंभ मोठा फसवा असतो. मुलाच्या पोटऱ्या भरदार दिसू लागतात. आमच्या ह्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर पोर पैलवान होणार म्हणून आजोबांनी पेढे वाटले होते. वस्तुतः स्नायूची जागा चरबीने घेतलेली असते. पुढे मूल जमिनीवरून उठताना आपलेच गुडघे, आपल्याच मांड्या हातांनी धरीत धरीत उभे राहते. हे चिन्ह गॉवर्स ह्या इंग्रज वैद्याने १८७९ साली नोंदविले. बाराव्या वर्षाच्या आगेमागे चालणे बहुधा संपते. मग हात जातात, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. पूर्वी अशी मुले विशीतच जात. आता रात्री नाकावर मुखवटा बसवून श्वासास साहाय्य करणारे यंत्र मिळाल्यास आणि हृदयाची निगा राखल्यास तिशी व तिच्याही पुढे जाणारे पुष्कळ आहेत.

ह्या व्याधीची आणखी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण आमच्या पुढील टीकेचा सारा भार तिच्यावर आहे. स्नायूच्या तंतूंना आकुंचनाच्या ताणापासून जपणारे डिस्ट्रॉफिन नावाचे एक प्रथिन असते. १९८७ साली त्याचा शोध लागला. ड्यूशेनच्या रुग्णात ते नसते. म्हणून स्नायूवर अतिरिक्त जोर पडला की तो बळकट होण्याऐवजी फाटतो. दुसऱ्यास ज्या कष्टाने बळ येते त्याच कष्टाने ह्याचे बळ जाते. शाळेतील व्यायामशिक्षकाने मोठ्या सद्भावनेने "हिंमत धर, अजून एक फेरी" म्हणावे, आणि त्या फेरीने मुलाची हानिच व्हावी, असा हा विपरीत प्रकार आहे.

आता आमच्या वाङ्मयाकडे वळू. पंगु देहाचे आमच्या परंपरेत दारिद्र्य नाही. अष्टावक्र आहे, कुब्जा आहे, मंथरा आहे. पांगळ्याकडून पर्वत ओलांडविणाऱ्या कृपेचा श्लोक तर घरोघरी म्हटला जातो. पण ह्या सर्वांत देह हा दुसऱ्या कशाची तरी खूण म्हणून येतो: कोठे शापाची, कोठे कुटिलतेची, कोठे ईश्वरी कृपेची. कुब्जा सरळ झाली की तिचे काम संपले. ती सरळ न होता मथुरेत आणखी चाळीस वर्षे कशी जगली असती, ह्याचे कुतूहल कवीस नाही. कवीस दोष देण्याचे कारण नाही, त्याचे प्रयोजन निराळे होते. तथापि ह्या संस्काराने आमचा वाचकवर्ग घडला आहे, हे विसरता येत नाही.

आधुनिक काळात शापाची जागा जिद्दीने घेतली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ह्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन ह्या वर्गातील खरोखर चांगले पुस्तक होय. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचे शरीर निर्जीव झालेली ही मुलगी पुढे सरकारी नोकरी करते, आणि आपल्यासारख्यांसाठी संस्था उभारते. ती हकीकत त्यांनी आक्रस्ताळेपणा न करता सांगितली आहे. आमच्या विद्यार्थ्याने ते आदराने वाचले. पण तो म्हणाला, "सर, त्यांचं एकदाच गेलं. माझं रोज थोडं थोडं जातं." ह्या एका वाक्यात दोन प्रकारच्या कथांमधील भेद आला आहे. एका आघाताने जे जाते त्याच्या पलीकडे उभे राहता येते, आणि तेथून कथेस चढती कमान मिळते. ज्याचे रोज वजाबाकीने जाते त्यास उभे राहावयाला असा पलीकडचा काठच नाही. मागल्या दिवाळीत जो हात भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत नेत होता तो ह्या दिवाळीत नेत नाही. पुढल्या दिवाळीचा हिशेब त्याने आताच करून ठेवलेला असतो. अशा जीवनास जिद्दीच्या कथेचा साचा लावला तर प्रत्येक पाऊल पराभवाचेच ठरेल. मग ती कथा कोणी लिहीत नाही. आणि लिहिली तर तिला 'करुण' हे विशेषण लावून आपण कपाटात ठेवतो.

येथे एक नाजूक गोष्ट लिहिणे प्राप्त आहे. आमचे घुग्घुस आणि वरोऱ्याचे आनंदवन एकाच चंद्रपूर जिल्ह्यात. १९४९ च्या सुमारास बाबा आमटे ह्यांनी मूठभर कुष्ठरोग्यांसह तेथल्या खडकाळ जमिनीवर जे उभे केले त्याचा ह्या जिल्ह्यास अभिमान आहे, तसा आम्हांसही आहे. कुष्ठरोगातही मज्जातंतू बधिर होऊन हाताचे लहान स्नायू झडतात व बोटे आखडतात. त्या बोटांनी विहिरी खोदल्या, कापड विणले, पिके काढली. 'ज्वाला आणि फुले' ह्या १९६४ च्या पुस्तकात ह्या श्रमधर्माला जी धगधगीत भाषा मिळाली तिचा आमच्या पिढीच्या मनावर फार परिणाम झाला. परंतु ज्याचा देह श्रमाने अधिकच झिजतो त्यास ह्या धर्मात स्थान कोठे? भिक्षापात्र टाकून कुदळ उचलणाऱ्यास प्रतिष्ठा मिळाली, हे मोठे कार्य झाले. पण कुदळ उचलता न येणारा, आणि उद्या चमचाही न उचलता येणारा, हा त्या ओजस्वी भाषेच्या बाहेरच राहिला. बाबांनी अशांस आनंदवनाबाहेर ठेवले असा ह्याचा अर्थ कोणी करू नये. आम्ही ग्रंथाविषयी बोलत आहो, आश्रमाविषयी नव्हे.

आणखी एक विचित्र गोष्ट अशी की, स्वतः बाबांना कण्याच्या विकाराने कित्येक वर्षे बसता येत नसे; एक तर उभे राहावे, नाही तर आडवे. १९८५-८६ ची कन्याकुमारी ते काश्मीर ही भारत जोडो यात्रा त्यांनी गाडीत अंथरुणावर पडून केली. त्या यात्रेची वर्णने आम्ही वाचली; सायकलींवरील तरुणांचा उत्साह त्यांत उदंड आहे. अंथरुणातील मनुष्यास गाडीत चढविणारे व उतरविणारे हात त्यांत शोधावे लागतात. घरातील बाजू पाहावयाची तर साधनाताईंच्या 'समिधा'कडे जावे लागते. आम्हांस वाटते, मराठीत ह्या विषयाचे खरे वाङ्मय नायकांच्या ग्रंथांत नसून त्यांच्या बायकांच्या ग्रंथांत दडलेले आहे.

हॉकिंगचीही गोष्ट तीच. १९६३ साली, एकविसाव्या वर्षी, त्यास मज्जापेशींचा तो रोग जडला ज्याने स्नायू वाळत जातात, आणि वैद्यांनी दोन-एक वर्षांची मुदत दिली. तो २०१८ पर्यंत जगला. 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम' हा त्याचा ग्रंथ १९८८ साली निघाला आणि त्याच्या लक्षावधि प्रती खपल्या. तेव्हापासून तो जगाच्या कल्पनेत देहाची बेडी तोडलेले शुद्ध मन होऊन बसला. आमच्याकडील लेखकांस तर ही मूर्ति फारच मानवली, कारण तिला ऋषीची वस्त्रे चढविणे सोपे. पण त्याची पहिली पत्नी जेन हिने १९९९ साली आपल्या संसाराची हकीकत प्रसिद्ध केली. तीत घास भरविणे आहे, उचलणे आहे, तीन मुले आहेत, साहाय्यासाठी घरी राहावयास आलेले संशोधक विद्यार्थी आहेत, आणि थकवा आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर तेथे सापडते. त्याहून महत्त्वाचा प्रसंग १९८५ चा आहे. स्वित्झर्लंडमध्ये हॉकिंगला न्यूमोनिया झाला, श्वासयंत्रावर ठेवावे लागले, आणि यंत्र बंद करावे काय, असे वैद्यांनी पत्नीस विचारले. तिने नकार दिला. गळ्यास छिद्र पाडून त्यास वाचविण्यात आले. वाचा गेली, मनुष्य राहिला. तो जगप्रसिद्ध ग्रंथ त्या नकारानंतर तीन वर्षांनी बाहेर आला. चरित्रकार हा प्रसंग देतात, पण संकटातून सुटका ह्या सदराखाली. त्याच्या पोटात जो प्रश्न आहे, म्हणजे यंत्र कोणाचे चालू ठेवावे हे कोणी व कशावरून ठरवावे, तो २०२० साली साऱ्या जगापुढे उभा राहिला.

त्या साली मार्चच्या २५ तारखेपासून देश बंद झाला. घुग्घुसमध्ये मात्र सर्व काही बंद झाले नाही. कोळसा ही अत्यावश्यक वस्तु. खाणींच्या पाळ्या चालूच राहिल्या. आमच्या विद्यार्थ्याचा बाप खाणीत जाई. घरात मुलास उचलून खुर्चीत बसविण्याएवढे बळ त्या एकट्याच्याच अंगी; आणि बाहेरून रोग घरात आणण्याचा संभवही त्या एकट्याचाच. मुलाचे फुप्फुस कसे आहे ते त्यास ठाऊक होते. तो पाळीवरून येई, ओसरीत अंघोळ करी, ओसरीतच निजे, आणि दिवसातून दोनदा तोंडास फडके बांधून, श्वास रोखून, मुलास उचली. श्वास रोखून, हे आम्ही अलंकार म्हणून लिहीत नाही. रात्रीची कूस आईकडे आली. दर दोन-तीन तासांनी उठावयाचे. उन्हाळ्यात लाईट गेली की यंत्र बंद पडते, म्हणून त्याकडेही कान ठेवावयाचा. चंद्रपूरकडील वैशाख ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगणे नलगे. सहा फुटांचे अंतर ठेवा, असे सरकार सांगत होते. ज्याचे जगणेच दुसऱ्याच्या स्पर्शावर चालते त्याने ते अंतर कोठे ठेवावे, हे सूचनेत नव्हते.

अशा दिवसांत त्याने मोबाइलवर एक इंग्रजी निबंध वाचला आणि आम्हांस पाठविला. सॅन फ्रान्सिस्को येथील अ‍ॅलिस वोंग ह्या लेखिकेचा तो निबंध एप्रिल २०२० च्या आरंभी प्रसिद्ध झाला होता. हाँगकाँगहून अमेरिकेत गेलेल्या आईबापांची ही मुलगी १९७४ साली जन्मली, स्नायुक्षय जन्मापासूनचा. चाकांची खुर्ची आणि श्वासयंत्र ह्यांवर तिचे जीवन चाले. निबंधाचा विषय उघड आहे: श्वासयंत्रे अपुरी पडली तर आपल्यासारखीस ते द्यावयाचे की नाही, हे कोण ठरविणार? ही भीति मनाची नव्हती. अमेरिकेतील काही संस्थानांच्या टंचाईकाळच्या नियमांविरुद्ध अपंगांच्या संघटनांनी त्या वर्षी तक्रारी केल्या, आणि अलाबामास आपले जुने नियम मागे घ्यावे लागले. इंग्लंडात नाइस ह्या संस्थेने २० मार्च २०२० रोजी काढलेल्या मार्गदर्शिकेत रुग्ण दैनंदिन व्यवहारात किती परावलंबी आहे ह्याचे माप पाहण्यास सांगितले होते. आक्षेप आल्यावर पाचच दिवसांत तरुणांस व स्थिर अपंगत्व असलेल्यांस ते माप लावू नये अशी दुरुस्ती करावी लागली. परावलंबन मोजून आयुष्याची किंमत ठरविणारा तो तक्ता आणि आमच्या जिद्दीच्या कथा ही एकाच झाडाची फळे नव्हेत काय? स्वतःच्या पायांवर उभा राहील तोच मनुष्य, हे दोहोंचे गृहीत एकच आहे.

निबंध म्हणून वोंगबाईंचा लेख उत्तम आहे, आणि तो उत्तम का, हे सांगणे आमचे काम आहे. पहिली गोष्ट, ती वाचकाकडे दया मागत नाही. दुसरी, यंत्राविषयी ती शत्रूसारखे किंवा शृंखलेसारखे बोलत नाही. ते तिच्या देहाचाच भाग आहे. तिसरी व आमच्या मते मुख्य, जीवनाचा दर्जा हा जो शब्द वैद्यक इतक्या सहज वापरते त्याची ती चिकित्सा करते. वेदना, अपंगत्व व दुःख ही तिन्ही आपल्याजवळ आहेत, आणि तरीही आपले जीवन भरलेले आहे, असे ती सांगते. आणि ते सांगताना आवाज चढवीत नाही. विनोद तिच्या लेखणीचा सहज धर्म आहे. २०२२ साली निघालेल्या 'इयर ऑफ द टायगर' ह्या तिच्या पुस्तकात खाण्यापिण्याविषयीचे जे लेखन आहे त्यात तर ती अशी रंगते की व्याधि बाजूस राहते. त्याच वर्षी गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिची वाचा गेली. लेखन थांबले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती वारली.

दोषही आहेत. अपंग लोक हे आजच्या जगाचे भविष्यवेत्ते आहेत, अशा अर्थाचे जे विधान तिने केले आहे ते आम्हांस पटत नाही. शापित, मग वीर, आणि आता द्रष्टा. ह्यात माणूस पुन्हा एकदा खूणच होतो. आमचा विद्यार्थी ह्या वाक्यावर हसला. त्यास उद्याच्या पेपरात काय येणार तेदेखील सांगता येत नाही, असे तो म्हणाला. दुसरे असे की, तिच्या लेखनामागे अमेरिकेतील हक्कांची दीर्घ चळवळ उभी आहे, आणि सरकारी खर्चाने मिळणारा मदतनीस, कितीही अपुरा असला तरी, तिच्या गृहीतांत आहे. आमच्याकडे २०१६ च्या कायद्याने स्नायुक्षयास अपंगत्वाच्या एकवीस प्रकारांत स्थान दिले. पण रात्री दोन वाजता उठणारी ती आईच. वोंगबाईंचा निबंध जसाच्या तसा मराठीत आणला तर ही आई त्यात दिसणार नाही.

ती आई पुढच्या वर्षी आमच्यापुढे उभी राहिली. एप्रिल २०२१. विदर्भात खाटा व प्राणवायू ह्यांसाठी लोक गावोगाव हिंडत होते. आम्ही दारातूनच चौकशी केली. ती म्हणाली, "सर, ह्याले जर झालं, तं तेथचे डाक्टर मशीन ह्याले देतीन का दुसऱ्या चांगल्याले देतीन?" तिने तो निबंध वाचला नव्हता, मुलाने तिला सांगितलाही नव्हता. आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते येथे लिहिण्याच्या योग्यतेचे नाही. सुदैवाने त्या घरात रोग आला नाही.

आमच्या इतिहासात ह्या प्रश्नाच्या जवळ जाणारी एक प्रतिमा आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले ह्यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत आणले, आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले. ज्या काळात प्रत्येकजण स्पर्श टाळीत होता त्या काळात त्यांनी तो केला. ही कथा शाळेतील मुलांस आपण सांगतो, आणि सांगावीच. पण ती नेहमी उचलणाऱ्याच्या बाजूने सांगितली जाते. पाठीवरून जाणाऱ्याच्या बाजूने ती कशी असेल? त्यास रस्ता कसा दिसला, धक्के कसे बसले, उचलणारीच्या श्वासाचा आवाज कानाशी कसा आला? परोपकाराचे वाङ्मय आमच्याकडे विपुल आहे. उपकृताच्या दृष्टीने लिहिलेले फार थोडे. जे आहे त्यात उपकृताने कृतज्ञ असावे एवढीच अपेक्षा असते.

ह्या विद्यार्थ्याने गेल्या वर्षी स्वतः काही पाने लिहून आमच्याकडे तपासावयास दिली. मोबाइल छातीवर ठेवून एका अंगठ्याने लिहिलेली ती पाने आहेत. एका पानास त्यास दोन-दोन दिवस लागले. पक्षपात न करता सांगावयाचे तर त्यांतील निम्मी टाकाऊ आहेत. निसर्गवर्णन उसने आहे, आणि जीवनावरील चिंतन तर वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवणीतून उचलल्यासारखे. हे आम्ही त्यास सांगितले; तो दोन दिवस रुसला. उरलेल्या पानांत रात्रीचे वर्णन आहे. खाणीच्या पाळीचा भोंगा, यंत्राचा आवाज, आईच्या बांगड्या, आणि ती न उठता झोपेतच एका हाताने उशी सारते तो क्षण. त्यात एक वाक्य असे: "मी रात्री तीनदा आईकडून कूस बदलून घेतो."

ह्या वाक्यावर आम्ही तांबड्या शाईची रेघ मारली आणि वर लिहिले: "आई माझी कूस बदलते." वाक्य सुटसुटीत झाले, व्याकरणही निर्दोष. पाने परत गेली आणि आठ दिवसांनी पुन्हा आली. सर्व दुरुस्त्या त्याने स्वीकारल्या होत्या. एवढी एकच नाकारली होती. आम्ही कारण विचारले. तो म्हणाला, "सर, कधी बदलायची ते मी सांगतो. कोणत्या बाजूला, गुडघ्यात उशी किती वर, तेही मीच सांगतो. आईला अंधारात दिसत नाही. मग ते काम मी करतो की आई?"

आम्ही तीस वर्षे मराठीचे व्याकरण जवळून पाहिले आहे. 'घेणे' हे सहायक क्रियापद कर्त्याच्या हिताचा अर्थ दाखविते, असे आम्ही फळ्यावर शेकडो वेळा लिहिले असेल. 'करून घेणे' ह्या प्रयोगात हात दुसऱ्याचे असतात आणि कर्ता आपण राहतो, हे मात्र त्या दिवशी प्रथम ध्यानात आले. आमच्या भाषेत ही सोय पूर्वीपासून होती. राजाने किल्ला बांधून घेतला असे लिहिताना कोणा बखरकारास राजा परावलंबी वाटला नाही.

तांबडी रेघ आम्ही खोडली. ती पाने आता बावीस झाली आहेत. त्यांतील रात्रीचा भाग छापण्याच्या योग्यतेचा आहे असे आम्हांस वाटते. त्यास मात्र तो अजून अपुरा वाटतो, कारण ओसरीत निजणाऱ्या बापाविषयी त्यात काहीच आलेले नाही. बापाने श्वास रोखून उचलताना मुलानेही श्वास रोखलेला असे. ते कसे लिहावे, ह्यावर आमच्या रविवारी बैठका चालू आहेत.